तुम्ही विचारलंत म्हणून: फायटर एकटाच का?

नागपूरच्या महाल भागात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरच्या डाव्या हाताला, लॅमिनेशन मशीनच्या पलीकडे दीड फुटी काचेची टाकी आहे आणि तिच्यात एक निळा फायटर मासा. पुस्तकात त्याला बेट्टा म्हणतात, दुकानात फायटरच. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर येईपर्यंत गिऱ्हाइकाला दुसरं काम नसतं, त्यामुळे नजर तिकडे जाते आणि प्रश्न येतो. "भाऊ, केवढी टाकी लागते याले?" नाहीतर, "हा बिचारा एकटाच काऊन?" मागच्या आठवड्यात एका ताईंनी दोन्ही एकदम विचारले. मुलाचा हट्ट आहे, शोकेसमध्ये एक बाउल मावेल एवढी जागा आहे आणि जोडीला चार रंगीत मासे सोडले तर बरं दिसेल, असा त्यांचा बेत. मागे रांग होती, बोलणं अर्धवट राहिलं. ते पुरं करतो.

बाउल नको, ताई. एक मासा मारून बसलोय, म्हणून सांगतो.

पहिला फायटर मी मे महिन्यात आणला होता. गोल काचेचा बाउल, जेमतेम दोन लिटर पाणी, खाली रंगीत खडे. विकणारा म्हणाला, "हा हवेतून श्वास घेते, डबक्यातला मासा आहे, ग्लासात ठेवला तरी जगते." त्यातलं हवेचं खरं होतं. कल्ल्यांच्या वर त्याला एक घड्याघड्यांचा अवयव असतो, वर येऊन हवेचा घोट घेतो आणि त्यावर भागवतो. म्हणून तर प्लास्टिकच्या ग्लासात रांगेनं मांडून विकता येतो. पण श्वास वरून घेतला तरी शी-शू खालीच होते ना! तिचा अमोनिया होतो, दोन लिटरात तो भराभर चढतो आणि पाणी जितकं गरम तितका तोच अमोनिया जास्त जहाल. आमच्या मे महिन्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. तिसऱ्या आठवड्यात शेपटीच्या कडा उंदरानं कागद कुरतडावा तशा झाल्या, मग तो तळाशी आडवा पडून राहू लागला. रोज बाउल, खडे घासून सगळं पाणी बदलत होतो, तेही चुकतच होतं. कारण अमोनिया पचवणारे जिवाणू काचेवर, खड्यांवर, फिल्टरात बस्तान बसवतात. त्यांना मी जमूच देत नव्हतो.

डबक्याची गोष्ट मला पुढे आजोळी गेल्यावर समजली. आजोळ भंडाऱ्याकडचं, धानाचं. हा मासा मूळचा थायलंडकडचा, तिथंही तो धानाच्या बांध्यांत (बांध घातलेल्या खाचरांत), दलदलीत, संथ पाण्यात राहतो. बांधीत पाणी वीतभरच असतं, पण बांधीला बांधी लागलेली असते. उथळ म्हणजे लहान नव्हे. पाणी आटलं की बिचारा डबक्यात अडकतो, तो त्याचा नाइलाज. आपली मरळ बाजारात टोपल्यात तासन् तास जिवंत राहते, म्हणून तिचं घर टोपलं आहे असं कोणी म्हणतं का?

आता माप. माझी टाकी १८ इंच लांब, १० रुंद, १० उंच. काठोकाठ भरली तर २९ लिटर. पण वर दोन इंच मोकळे ठेवावे लागतात, हवा घ्यायला आणि उडी मारतो म्हणून. झाकण हवंच. म्हणजे प्रत्यक्षात साडेतेवीस लिटर. २० लिटरच्या खाली जाऊ नका. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची गुणा, हजारानं भागा, लिटर निघतात. मुलाला लावा त्या हिशेबाला. दुकानात उंच, नळकांड्यासारख्या टाक्या सुंदर दिसतात, त्या घेऊ नका. एवढं जड शेपूट घेऊन हवेसाठी दर वेळी वरपर्यंत चढायचं, त्यापेक्षा आडवी टाकी बरी. आणि जास्त पाणी म्हणजे जास्त मेहनत, हा समज उलटा आहे. आठवड्यातून एकदा पाच-सहा लिटर बदलतो, क्लोरीन मारणारे थेंब टाकून. बस्स. बाउलला रोज मरत होतो.

थंडीचं मात्र ऐका. नागपूरकर उन्हाळ्याच्या एवढ्या गप्पा मारतो की डिसेंबर विसरतो. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर आला होता. फायटरला पाणी २४ ते २८ अंश लागतं. एका सकाळी शटर उघडलं तर हा कोपऱ्यात रुसल्यासारखा बसलेला, दाण्याकडे बघेना. थर्मामीटर १९. तेव्हापासून ५० वॅटचा हीटर आहे. उन्हाळ्यात कुलरच्या खोलीत ठेवा, पण कुलरच्या झोताखाली नको. पाणी फारच तापलं तर झाकणाऐवजी जाळी टाकून छोटा पंखा पाण्यावरून फिरवा, दोन-तीन अंश उतरतं. बर्फ टाकू नका, एकदम गार झालेलं पाणी त्याला सोसत नाही.

आता तो "बिचारा एकटा."

दुसरा फायटर आणल्यावर मलाही तो एकटा वाटायचा. सहा गप्पी आणून सोडले, रंगीत, लांब शेपटीचे नर. हा आधी स्थिर झाला. मग कल्ल्यांची झाकणं शर्टाची कॉलर उभी करावी तशी फुलवली, सगळे पर ताणले, अंग दुप्पट केलं आणि त्यांच्यावर धावून गेला. झुपकेदार रंगीत शेपूट दिसली की त्याला दुसरा नर फायटरच दिसतो. दुसऱ्या दिवशी चार गप्पींच्या शेपट्या अर्ध्या होत्या आणि ह्याचाही एक पर चिरलेला. थाई लोक त्याला 'प्ला कात' म्हणतात, चावणारा मासा. लढवण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेली जात आहे ही. रानात हरलेला पळून जातो. टाकीत पळणार कुठं?

म्हणून दोन नर कधीच नाहीत. नर-मादी एकत्र पण नाही. पिलांपुरती जोडी जमते, अंडी झाली की तोच तिला हाकलतो. टायगर बार्ब नको, तो ह्याचे पर कुरतडतो, तिथं मार खाणारा आपला फायटर. गोल्डफिशला गार पाणी आवडतं आणि घाण भरपूर. आणि दुकानदार हमखास एक काळा सकर गळ्यात मारेल, "काच साफ करते" म्हणून. तो फूटभर होतो, ताई. दीड फुटी टाकीत फूटभर मासा!

माझ्या टाकीत सोबतीला एक गोगलगाय आहे. काचेवरचं शेवाळ खाते, ह्याच्याशी देणंघेणं नाही. खरोखर मासेच हवे असतील तर दोन फुटी टाकी घ्या, ५० लिटरच्या वरची, तळाशी बारीक मऊ रेती, आणि सहा 'कोरी' (कोरिडोरस) मासे सोडा. खाली राहणारे, मिशीवाले, शांत मासे आहेत. सहाच का, तर ते खरोखर कळपातले आहेत, त्यांना एकटं ठेवणं पाप. तरी काही फायटर त्यांनाही खपवून घेत नाहीत, तेव्हा एक रिकामा डबा हाताशी असू द्या.

ह्याला सोबतीपेक्षा आडोसा लागतो. माझ्याकडे मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडलीत, दुपारी त्यातच टेकून झोपतो. देशी बदामाचं वाळून पडलेलं लाल पान धुऊन टाकतो, पाण्याला चहासारखा रंग येतो आणि त्याला मानवतो. गिऱ्हाइकं म्हणतात, भाऊ, पाणी खराब झालं.

शोकेसचं म्हणाल तर भरलेली टाकी ३० किलोच्या पुढं जाते, प्लायचा कप्पा वाकेल. लोखंडी स्टँड किंवा ओटा बघा, ऊन येणार नाही असा. आधी टाकी आणा, मासा नंतर. नव्या टाकीत जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे जातात, पोराला हेच समजावणं अवघड आहे. थोडं लवकर व्हावं म्हणून माझ्या फिल्टरचा जुना स्पंज कापून देतो. ओला राहिला पाहिजे, तेव्हा झाकणाचा डबा घेऊन या. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.