लॅपटॉपचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच: रॅम तपासा

अशा वेळी मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट बोर्ड, गेला असं लगेच समजू नका. बीप वाजत असेल किंवा कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर तो एरर कोड असतो. त्याचा अर्थ मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळतो.

चार्जर काढा, मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. रॅम म्हणजे स्लॉटमध्ये (खाचेत) बसवलेली मेमरीची पट्टी. तिच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर सारल्या की पट्टी तिरकी वर येते. सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. खोडरबर नको, त्याचा चुरा स्लॉटमध्ये अडकतो. पट्टी तिरकीच आत सरकवा, मग खाली दाबा. अर्धवट बसलेली पट्टी हे फार नेहमीचं कारण आहे.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, दोन्ही स्लॉटमध्ये. बिघाड पट्टीसोबत दुसऱ्या स्लॉटमध्ये जातो की त्याच स्लॉटला चिकटून राहतो, यावरून दोषी कोण ते कळतं. रॅम डीडीआर५ या प्रकारची असेल तर बदलानंतर पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं लागू शकतात, तेव्हा घाईने बंद करू नका.

लॅपटॉप सुरू झाला तरी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही एरर आली तर पट्टी बदलाच. रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असेल, तर मात्र काम चिप-लेव्हल, म्हणजे बोर्डवरच्या चिपा बदलणाऱ्या, दुरुस्तीवाल्याचं.