वनहक्काची ग्रामसभा: सह्या आधी की चर्चा आधी?

सामूहिक वनहक्काचे, म्हणजे वापरातल्या जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क मागणारे दावे अनेकदा जंगलात नाही, हजेरीच्या वहीत फसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरायला, गावातले निम्मे प्रौढ लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. ही संख्या जमवायला कुणीतरी कोरा कागद घेऊन घरोघर अंगठे घेत फिरतं. तिथेच विश्वास संपतो. पुढे वनखात्यासमोर गाव एका सुरात बोलत नाही.

सभा ग्रामपंचायतीच्या गावी नको, टोल्यावर, म्हणजे वस्तीवरच घ्या. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत सकाळी कुणी घरी सापडणार नाही. जेवणं उरकल्यावर बसा. गडचिरोलीत ठराव गोंडी किंवा माडियात वाचून दाखवा, मगच सह्या.

दावे तपासणारी गावाची वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची. बायांची एक तृतीयांश पदं कागदावर भरली म्हणजे झालं नाही. हद्दीचा नकाशा करायला जीपीएस घेऊन फक्त तरणी पोरं गेली, तर पाणवठे, डिंक, कंदमुळांच्या जागा हमखास सुटतात. त्या बायांना ठाऊक असतात.

दाव्याला पुरावे किमान दोन. म्हाताऱ्यांचा जबाब चालतो, पण तो लेखी हवा आणि सांगणारा स्वतः दावेदार नको. शेजारच्या गावाची हद्द आड आली तर वरच्या उपविभागीय समितीकडे धावू नका. आधी दोन्ही गावांच्या वनहक्क समित्या एकत्र बसवा. नियमही तेच सांगतो.