ऊन पडलंय आणि विमान हलतंय

जानेवारीतलं मुंबई–दिल्ली विमान. बाहेर लख्ख ऊन, ढगाचा पुंजकाही नाही आणि चहा आल्या आल्या खुर्च्या थरथरायला लागतात. खिडकीत बघून काही उमगत नाही. पुढे बसलेल्या वैमानिकांनाही ही निरभ्र हवेतली खळबळ आधी दिसलेली नसते. विमानाच्या नाकातलं रडार पाण्याचे थेंब टिपतं. कोरड्या हवेतून त्याच्याकडे काहीच परत येत नाही.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेची जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा झोत, वाहते. उंची साधारण 12 किलोमीटर, गाभ्यातला वेग बरेचदा 100 नॉटच्या वर, म्हणजे ताशी 185 किलोमीटरहून जास्त. नुसत्या वेगाने विमान हलत नाही. गडबड होते ती हवेच्या थरांमुळे. वरचा थर जोरात पळतो, खालचा मागे रेंगाळतो. दर हजार फुटांमागे पाच-सहा नॉटांचा फरक पडला की दोघांच्या सीमेवर लाटा उठतात, गुंडाळतात आणि फुटतात. त्यातले साधारण शंभर मीटर ते दोनेक किलोमीटरचे भोवरे विमानाला झोंबतात. लहान भोवरे जाणवत नाहीत, फार मोठ्यांवर विमान निवांत तरंगत जातं. पावसाळ्यात ही जेट हिमालयापलीकडे सरकते. तेव्हाचे हादरे मुख्यतः ढगांचे. निदान दिसतात तरी.

मग वैमानिक करतात काय? पट्ट्याचा दिवा लावतात, वेग उतरवतात. बोइंग 737 साठी तो 280 नॉट किंवा माक 0.76, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या 0.76 पट. जास्त वेगात पंखांवर ताण वाढतो, फार कमी केला तर स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल तुटण्याची भीती. ऑटोपायलट चालूच ठेवतात आणि उंची थोडी वरखाली झाली तरी तिच्यामागे धावत नाहीत. मग नियंत्रकाकडे चौकशी, पुढे गेलेल्या विमानांना कसं लागलं? खळबळीचा पट्टा वाऱ्याच्या दिशेने लांबलचक, पण जाडीला किरकोळ असतो, म्हणून 35,000 वरून 33,000 किंवा 37,000 फुटांवर गेलं की बरेचदा सुटका होते. वर की खाली? दिल्लीला जाताना जेट डावीकडून आडवी येते. अशा वेळी जुना ठोकताळा असा, की बाहेरचं तापमान वाढत असेल तर वर जा, घटत असेल तर खाली.

विमान सहसा यातून धडधाकट निघतं. इजा होते ती माणसांना, तीही मुख्यतः मोकळ्या बसलेल्यांना. 28 डिसेंबर 1997 ला टोकियोहून होनोलुलूला निघालेल्या 747 मध्ये एका प्रवासी महिलेचा जीव गेला. तिने पट्टा बांधलेला नव्हता. विमान मात्र टोकियोला सुखरूप परतलं. आणि हे प्रकार वाढताहेत. रेडिंग विद्यापीठाच्या 2023 मधल्या अभ्यासानुसार उत्तर अटलांटिकवरच्या एका ठरावीक जागी अशी तीव्र खळबळ 1979 मध्ये वर्षाकाठी 17.7 तास असायची, 2020 मध्ये ती 27.4 तासांवर गेली.

त्यामुळे दिव्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. बसलात की पट्टा बांधलेला हवा, तोही पोटावर सैल नको, कंबरेच्या हाडांवर घट्ट. पांघरूण घेतलं असेल तर पट्टा त्याच्या वरून बांधावा, म्हणजे झोपमोड न करता हवाईसेविकेला तो दिसतो. पंखांजवळच्या रांगा त्यातल्या त्यात शांत, शेपटीकडच्या जास्त उसळतात. नेमकं शौचालयाकडे निघालेले असताना हादरा बसला तर आपल्या खुर्चीचा हट्ट नको. जवळची रिकामी सीट धरा. तीही नसेल तर सरळ खाली फतकल मारून खुर्चीचा दांडा घट्ट पकडा.