पिल्लू ठणठणीत होतं

मे महिना, भुसावळचं ऊन, दुपारचा दीड. शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात एक ताई केळीचं खोकं छातीशी धरून आत शिरल्या. खोक्यात लॅब्राडॉरचं दोन महिन्यांचं पिल्लू.

"डॉक्टर, याला इथंच ठेवून घ्या. जे काय होतील ते पैसे देते."

असं कोणी म्हटलं की मला आधी पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या आजाराची, शंका येते. उलटी नाही, जुलाब नाही. थर्मामीटर लावला, १०१.६. कुत्र्याला हे नॉर्मलच. हिरड्या गुलाबी, पोट मऊ, वजन साडेचार किलो. तपासत होतो तोवर साहेब माझ्या स्टेथोस्कोपची नळी चावत होते.

"काय त्रास आहे याला?"

"याला काहीच नाही," म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

पाणी दिलं, कूलरसमोर बसवलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. पोराने हट्ट धरला म्हणून पिल्लू आणलं. चार दिवसांत सुट्टी लागली, पोरगं रावेरला मामाकडे पसार. नवरा रेल्वेत, आज दिवसा तर उद्या रात्री ड्युटी. सासूबाई लांबूनच सूचना देणार. अकरा रात्री यांना सलग झोप नाही. "दिवसभर चावून राह्यलं हे. जेवायला मी बाथरूममध्ये कडी लावून बसते. आणि शेजारणी म्हणतात, किती गोड आहे!"

हातावर दातांचे ओरखडे होते, एकातून रक्त आलेलं. आधी तेच धरलं. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांनंतर मिळते, म्हणजे अजून मिळालेली नाही. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावले आणि आजच सरकारी दवाखान्यात दाखवा म्हटलं. घरचं पिल्लू आहे म्हणून लोक इथेच गाफील राहतात.

मग केसपेपर उलटा केला आणि मागे लिहायला घेतलं. पिल्लासाठी नाही, ताईंसाठी. या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. झोपू दिलं नाही तर पेंगुळलेल्या पोरासारखं चेकाळतं आणि चावत सुटतं. म्हणून तासभर जागं राहिलं की खोक्यात, पडदा ओढून, अंधारात. लघवी ते दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरूच शकत नाही. रात्री दोनदा उठावं लागतं यात त्याचा खोडसाळपणा नाही. खोकं पलंगाला लावून ठेवा, आत तुमची जुनी ओढणी टाका. चावलं तर ओरडू नका, दोरीचं खेळणं तोंडात द्या. दुधाचे दात पडून पक्के यायला वयाचे सहा-सात महिने उजाडतात, पण चावणं त्याआधीच कमी होत जातं.

सगळ्यात खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलं: रात्रीची ड्युटी नसेल त्या रात्री नवरा उठणार.

"ते नाही उठायचे."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हणा. कागद दाखवा."

माझंही सांगून टाकलं. मी पहिलं कुत्रं आणलं तेव्हा चौथ्या रात्री बायकोला म्हणालो होतो, चूक झाली आपली. आणि तेव्हा माझ्याकडे पदवी होती! पंधरा दिवसांनीही जमलं नाही तर चांगलं घर मी शोधून देईन, त्यात लाज कसली, हेही सांगितलं. खरं तर हे ऐकल्यावरच त्यांचे खांदे जरा खाली आले. पिल्लू तोवर त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपलं होतं. त्यांनी पाय हलवला नाही. प्रेमानं की थकव्यानं, ते मला कळलं नाही.

पिल्लाला पार्व्होची पहिली लस टोचून एकवीस दिवसांनी बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं.

बाविसाव्या दिवशी पिल्लू आलं, पण ताई नव्हत्या. रेल्वेच्या शर्टातला एक माणूस, डोळे तांबारलेले, पिल्लू काखेत. टेबलावर ठेवता ठेवता मोठी जांभई दिली आणि माझ्यावरच उखडला, "काय हो डॉक्टर, हे रात्री एवढ्यांदा उठतं ते आधी कोणी सांगायचं?"