आमची वाटचाल : पिनियनच्या एका दाताचा फरक

ट्रान्स्फर केस, म्हणजे फोर-व्हील गाडीत गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा बॉक्स, उतरवून दुसरा चढवणारे पुष्कळ आहेत. तो का गेला हे शोधून मगच दुसऱ्याला हात लावणारे थोडे, आणि आमचं वर्कशॉप त्या थोड्यांपैकी आहे. हे अभिमानाने लिहितो, कारण या हट्टापायी गिऱ्हाइकं गेली, बोलणी खाल्ली, आणि एकदा तर शटर कायमचं खाली ओढायची वेळ आली होती.

आमचा हात बसला तो ओतीव लोखंडी, गिअरवाल्या जुन्या बॉक्सांवर. १९४१च्या लष्करी जीपमध्ये आलेला स्पायसर १८ हा बॉक्स पुढे नागरी जीपमध्येही बरीच वर्षं टिकला. त्याचा लो, म्हणजे कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर, सुरुवातीला १.९७ होता (आत येणारा शाफ्ट १.९७ फेरे फिरला की बाहेर जाणारा एक), नंतर २.४६ झाला. आत चेन नाही, पंप नाही, सगळं उघड्या डोळ्यांनी दिसणारं. थ्रस्ट वॉशर आणि इंटरमीडिएट शाफ्ट झिजले की दांडी लोमधून आपोआप बाहेर यायची आणि मालक म्हणायचा, बॉक्सच बदला. आम्ही शाफ्ट, बेअरिंग आणि वॉशर बदलून तोच बॉक्स परत द्यायचो. मग ॲल्युमिनियमच्या केसिंगचे चेनवाले आले. एनपी २३१ सारखा बॉक्स, आत प्लॅनेटरी (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर), लो २.७२, पुढच्या शाफ्टला चेनने ड्राइव्ह. वजनाला हलका म्हणून नवी पोरं तो गाडीखाली उताणं पडून छातीवर घ्यायला बघतात. आमच्याकडे याला सक्त मनाई आहे. इनपुट स्प्लाइन, म्हणजे लांबट दातांची जोडणी, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून सुटते त्या क्षणी सगळं वजन एका बाजूला कलतं, आणि तेव्हा सावरायला हात मोकळा नसतो.

आमचा ट्रान्समिशन जॅक विकतचा, पण त्याच्यावरचा पाळणा आम्ही स्वतः घडवलेला. बॉक्सच्या पोटाच्या आकाराचा, वरून पट्टा आवळता येतो असा. दुसरं लाडकं हत्यार म्हणजे डोकं कापून टोक निमुळतं केलेले दोन लांब बोल्ट. ॲडॉप्टरच्या समोरासमोरच्या दोन भोकांत ते आधी बसवायचे आणि त्यांच्यावरून बॉक्स सरळ आत सरकवायचा. स्प्लाइन जुळत नसेल तर मागचा फ्लँज हाताने किंचित फिरवायचा. नटबोल्ट आवळून बॉक्स ओढून घेणाऱ्याच्या हातात मी पान्हा देत नाही. तसं केलं की केसिंगचा कान तुटतो, नाहीतर गिअरबॉक्सचं मागचं सील फाटतं आणि गिअरबॉक्सचं तेल गुपचूप ट्रान्स्फरमध्ये उतरत राहतं.

सुरुवातीची वर्षं अशी गेली. काम भरपूर होतं, सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

त्या काळातलं एक गिऱ्हाईक मात्र सांगायलाच हवं. आम्ही त्यांना काका म्हणतो. डोंगरात सर्वेक्षणाचं काम, गाडी छोटी सुझुकी. तिचा ट्रान्स्फर गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो मागे सुटा, रबरच्या तीन माउंटिंगवर बसलेला, आणि मध्ये आखूड शाफ्ट. हायमध्येसुद्धा त्याचा रेशो १.४०९, म्हणजे सरळ ड्राइव्ह नाहीच, आणि लो २.२६८. काकांच्या गाडीला एका ठराविक वेगावर थरथर यायची आणि ॲक्सिलरेटर सोडला की दांडी हातात नाचायची. दुसरीकडे त्यांना संपूर्ण बॉक्स बदलायला सांगितलं होतं. मी आत शिरून बॉक्स हाताने हलवला, तर तो सहज वर-खाली झाला. तिन्ही रबरं मेलेली, आखूड शाफ्टच्या सांध्यातला एक क्रॉस कोरडा पडलेला. रबरं आणि क्रॉस बदलले, थरथर गेली. काका तेव्हा एवढंच म्हणाले, "जे गेलं नाही ते बदललं नाहीस, हे मी लक्षात ठेवीन." त्यांनी ते ठेवलं, आणि फार वेळेवर ठेवलं.

आता तो प्रसंग.

एक मोठी गाडी आली, पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे एरवी मागच्या चाकांवर चालणारी आणि गरजेपुरती पुढची जोडायची. चेन ताणलेली, लोड आला की स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या चक्राच्या) दातांवर कटकट उडी मारायची. चेन सैल होऊन केसिंगला आतून घासत होती आणि भिंत पातळ झाली होती. इथे दुरुस्तीचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता, पूर्ण बॉक्स बदलायचं ठरलं. जुना नि नवा शेजारी ठेवून इनपुट स्प्लाइनचे दात मोजले, कारण एनपी २३१ मध्येच २१ दातांचेही येतात आणि २३ चेही. पुढचा आउटपुट डावीकडे की उजवीकडे, स्पीडोमीटरचा गिअर कोणता, सगळं जुळवलं. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर रंगाच्या खुणा केल्या. चारही टायरचा घेर टेपने मोजला. पुढच्या-मागच्या ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, मोजला, दोन्ही ३.७३, आणि तो जॉबकार्डावर लिहिला. बॉक्स बसवला, बाजूच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरलं, मोकळ्या मातीत हाय आणि लो दोन्ही लावून पाहिलं. गाडी ठणठणीत गेली.

पुढे त्याच गाडीचा मागचा डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला, दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) गुणगुणायला लागला. मालक आमच्याकडे न येता एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपमध्ये गेला. नाव घेत नाही. तिथे मागचा संपूर्ण ॲक्सल वापरलेला बसवला गेला. त्यानंतर डोंगरात फोर-व्हील लावली आणि कडाडून आवाज येऊन चेन सुटली. त्या वर्कशॉपने बॉक्स उघडूनही न बघता सांगितलं, आधीच्यांनी निकृष्ट बॉक्स बसवला. मालकाने ते वाक्य जिथे जाईल तिथे नेलं. आमची बुक झालेली कामं रद्द झाली. सुट्या भागांच्या पुरवठादाराने उधारी बंद केली. हाताखाली शिकून तयार झालेले दोन कारागीर निघून गेले, आणि ते कुठे गेले हे सांगायला नकोच. महिनोन्‌महिने रॅम्प रिकामा राहिला. भाडं थकलं. हत्यारं विकायला काढायची बोलणी घरात सुरू झाली. तो पाळणा भंगारात घालायचा या विचाराने मला झोप लागत नसे.

काका अशातच मुद्दाम आपली गाडी तेलबदलासाठी घेऊन आले. त्या मालकाशी त्यांची ओळख होती, आणि बोलता बोलता तो काकांना म्हणाला होता की हल्ली मीटर जरा पुढे पळतं. काकांनी ते सहज सांगितलं आणि मी हातातलं काम टाकलं. स्पीडोमीटरला ड्राइव्ह मिळतो ट्रान्स्फरच्या मागच्या आउटपुटवरून. टायर तेच, गिअर तोच आणि मीटर पुढे, याचा अर्थ तेवढ्याच अंतरात मागचा शाफ्ट जास्त फिरतोय. म्हणजे मागचा रेशो बदललाय.

काकांनी मालकाला गाठलं. "एकदा त्यांच्या रॅम्पवर गाडी ठेवा, मी शेजारी उभा राहतो," म्हणाले. टू-व्हीलवर गाडी चालत होती, ती आली. मी मागचं एक चाक उचललं, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल. शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ ओढली. साधा डिफरन्शियल असेल तर उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं, शाफ्टचे जितके फेरे होतील तोच रेशो. चाक मालकालाच फिरवायला लावलं, फेरे काका मोजत होते. मागे चार फेरे आणि वर थोडं. पुढे तसंच केलं, तर चारला पाव फेऱ्याहून थोडं अधिकच कमी. मग मागचं कव्हर उघडलं. क्राऊनचे, म्हणजे मोठ्या गिअरचे, दात ४१, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे १०, म्हणजे ४.१०. पुढे ४१ ला ११, म्हणजे ३.७३. पिनियनच्या एका दाताचा फरक!

जाणकारांना पुढचं सांगायला नको. फोर-व्हील लावली की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने बांधले जातात. मागची चाकं शंभर मीटर गेली की पुढच्यांना जवळपास एकशेदहा जायचं असतं. चिखलात टायर घसरून तो ताण सुटतो, खडकावर सुटत नाही, आणि मग सगळा पीळ चेनवर येतो. कुठलाही नवाकोरा बॉक्स तिथे टिकला नसता. आमचं जॉबकार्ड समोर ठेवलं, त्यावर ३.७३ दोनदा लिहिलेलं होतं.

मालक बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने मागचा ॲक्सल आमच्याकडूनच बदलून घेतला आणि नवा बॉक्सही. काही जणांना त्याने खरं काय ते सांगितलं, हे मान्य करतो. पण बदनामी चारचौघांत झाली आणि खुलासा मात्र एकेकाच्या कानात. त्या वर्कशॉपमधून आजतागायत एक शब्द आलेला नाही. तो न आलेला शब्द मला अजून सलतो.

त्यानंतर गाड्या हळूहळू परत आल्या, आणि आता आमच्याकडे दुसऱ्या वर्कशॉपचे लोकही शंका विचारायला येतात. विचारलेलं नसताना थोडं सांगतो. ट्रान्स्फर बदलायला टाकण्याआधी ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर काय लागलंय ते स्वतः बघा. बारीक राखाडी लेप झिजेचा असतो, तुकडे म्हणजे काहीतरी तुटलंय. तेल कमी निघालं तर गळती कुठे होती ते विचारा. काही मॅग्नेशियमच्या केसिंगमध्ये आतला ऑइल पंप हलून हलून भिंतीला भोक पाडतो, ते वरच्या बाजूला असतं, आणि खाली जमिनीवर डागही दिसत नाही. चेनवाल्या पुष्कळ बॉक्सांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं, जुन्या गिअरवाल्यांना जाड गिअर ऑइल. कंपनीच्या पुस्तकात बघितल्याशिवाय भरू देऊ नका. एकच टायर नवा घालून फोर-व्हील लावू नका. कोरड्या डांबरावर पार्ट-टाइम फोर-व्हील लावून वळू नका. आणि कुठेही, कुणाकडेही ॲक्सलचं काम केलंत तर पुढचा नि मागचा रेशो मोजून कागदावर लिहून मागा. जो मेकॅनिक लिहून द्यायला कां-कू करतो, त्याच्या रॅम्पवरून गाडी खाली घ्या.

आमच्या जॉबकार्डावर आता त्यासाठी दोन वेगळे रकाने छापलेले आहेत. ते भरल्याशिवाय बॉक्स पाळण्यावर चढत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. काकांच्या गाडीचेही दर वेळी भरतो. तिचा ट्रान्स्फर अजून मूळचाच आहे, मागच्या आउटपुटचं सील तेवढं या खेपेला बदलायचंय.