खर्चाची वही

‘स्वातंत्र्य हवं तर समतेचा हट्ट सोडावा लागतो,’ असं एक गृहस्थ बोलून गेले आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळले. मला काही ते वाक्य सोडेना. राग आला म्हणावं, तर तसंही नाही. एकटं पडल्यासारखं वाटलं. इतकं जीव लावून धरलेलं काहीतरी कुणी येता-जाता निकालात काढलं की वाटतं तसं.

खरंच असं आहे का? निवडणुकीचा खर्च घेतला, तर आहे असं वाटायला लागतं. बकली विरुद्ध वालेओ खटल्यात (१९७६) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देणगीवरची मर्यादा राखली, पण उमेदवाराच्या खर्चावरची उठवली. न्यायालयाचं म्हणणं असं: प्रचाराला पैसा लागतोच, त्याला आवर घातला की बोलण्यालाच आवर घातला. काहींचा आवाज वाढावा म्हणून इतरांचा कमी करणं घटनेत बसत नाही. वाचताना पटतं. मग मनात येतं, ज्याच्याकडे पैसाच नाही त्याच्या बोलण्याचं काय?

आपण उलट वाट धरली, उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घातली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा खर्च उमेदवाराने रोजच्या रोज वहीत मांडायचा. प्रचाराच्या काळात ही वही किमान तीनदा निवडणूक आयोगाने नेमलेल्या खर्च निरीक्षकापुढे न्यायची आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा. नाही केला, तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता. ऐकायला चोख. पण मर्यादा उमेदवाराला; पक्षाला नाही. सभेच्या फलकावर उमेदवाराचं नाव आलं की खर्च त्याच्या वहीत, नुसतं पक्षचिन्ह असलं की पक्षाच्या. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराचाच धरला होता. काही आठवड्यांत वटहुकूम काढून तो निर्णय निष्प्रभ केला गेला.

म्हणजे इथे समतेने स्वातंत्र्याचा गळा घोटलेला नाही. समतेचा नियम अर्धवट केला आणि उरलेल्या अर्ध्यातून पैसा मोकळा सुटला. हे लक्षात आल्यावर जरा बरं वाटलं. 

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते, समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचं बहुतेकांवर वर्चस्व. स्वातंत्र्यावाचून समता माणसाची उमेद मारते. आणि बंधुता नसेल तर दोन्ही राबवायला शिपाई लागेल. आजवर मी पहिल्या दोन भागांवरच अडून बसायचे. आज तिसरा जास्त खरा वाटला. खर्च निरीक्षक हा तोच शिपाई. त्यात मन खट्टू करण्यासारखं काही नाही. बंधुता अंगवळणी पडेपर्यंत तो लागणारच, आणि पक्षाच्या वहीवरही बसवायला हवा.