ॲपवरून उठून थेट टेबलावर: गोव्याच्या पोकर रूममधे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०२५ मधे ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला आणि पैशाने खेळायचे पोकर ॲप बघता बघता गप झाले. तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येक पोकरवाल्याचा एकच प्रश्न, गोव्याला जायचं का? यातली बरीच मंडळी अशी आहेत की फोनवर हजारो हॅंड, म्हणजे डाव, खेळलेत, पॉट ऑड्स (मधे जमलेल्या पैशाच्या, म्हणजे पॉटच्या, मानाने पैसे लावणं परवडतं का याचं गणित) झोपेत सांगतील, पण हातात चिप कधी धरली नाहीये. खेळ त्यांना येतो, काही जणांना तर माझ्यापेक्षा बराच चांगला येतो. तरी टेबलावर बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात डीलर त्यांना तीन-चारदा "सर, तुमचा टर्न नाही" नाहीतर "सर, हा कॉलच धरला जाईल" (म्हणजे पैसे वाढवले नाहीत, फक्त समोरच्याएवढे लावले) असं सांगतो आणि मग समोरचे सगळे सरसावून बसतात, कारण गिऱ्हाईक आलंय हे त्यांना कळलेलं असतं.

याला एटिकेट म्हणतात म्हणून लोकांना वाटतं की काटा-चमचा कुठल्या हातात धरायचा तसलं काहीतरी असणार, पाळलं तर ठीक, नाही पाळलं तर हसतील फार तर. पण एकेक नियम नीट बघितला तर लक्षात येतं की ॲप जी कामं गुपचूप करत होतं, म्हणजे कुणाचा नंबर आहे ते दाखवणं, कमीत कमी रेझ, म्हणजे पैसे वाढवणं, किती ते ठरवणं, टाकलेले पत्ते झाकणं, पॉट मोजणं, शेवटी कोण जिंकलं ते सांगणं, ती सगळी आता टेबलावर बसलेल्या आठ-नऊ माणसांनी आणि एका डीलरने मिळून करायचीत. तुमच्या वाटणीचं काम तुम्ही केलं नाहीत तर ते दुसऱ्या कुणावर तरी पडतं, किंवा कुणाच्या तरी पैशाचं नुकसान होतं. म्हणून लोक चिडतात.

आधी जायच्या गोष्टी पटकन. वय २१ पूर्ण पाहिजे, सरकारी ओळखपत्र ओरिजिनल पाहिजे, पॅन कार्ड जवळ ठेवा. पणजीच्या जेटीवरून छोट्या बोटीने मांडवीतल्या जहाजावर नेतात, आणि बर्म्युडा-चप्पल घालून गेलात तर जेटीवरूनच परत यायची वेळ येऊ शकते. कसिनोवर २८ टक्के जीएसटी होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय, त्यामुळे तुमच्या बाय-इनचे (टेबलावर बसायला भरलेल्या पैशाचे) नक्की किती चिप्स हातात येणार आणि रेक (पॉटमधून कसिनो घेतो तो वाटा) किती कापणार हे केजवर, म्हणजे चिप्सच्या खिडकीवर, पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. आणि "पुण्यात कुणाच्या तरी फ्लॅटवर गेम असतो, तिकडे जाऊ" या लोकांसाठी मी हे लिहीत नाहीये, महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून लागू आहे आणि धाड पडली की तिथे एटिकेट विचारत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, नंबर. ॲपवर तुमची पाळी यायच्या आधीच फोल्डवर (पत्ते टाकून डाव सोडण्यावर) टिक करून ठेवायची सोय असते ना, ती सवय लाइव्हमधे सगळ्यात जास्त नडते. पत्ते वाईट आले की पोरं लगेच पुढे सरकवतात, अजून आधीचे दोन जण विचार करतायत तरी. यात काय बिघडलं असं वाटेल, फोल्डच तर केलं. पण समजा मधल्या पोझिशनवरून एकाने रेझ केलाय, बटणवाला (ज्याच्यासमोर डीलरचं बटण आहे तो) विचार करतोय आणि मागून बिग ब्लाइंडने (पत्ते बघायच्या आधीच ठरलेली सक्तीची रक्कम, म्हणजे ब्लाइंड, भरणाऱ्याने) पत्ते टाकून दिले, तर बटणवाल्याला फुकटात कळलं की आपल्या मागे एक माणूस कमी आहे, आता तो बिनधास्त येणार, आणि ज्याने रेझ केला होता त्याच्या खिशाला चाट. पत्ते वाईट असतील तरी चेहरा तसाच ठेवून थांबायचं. आणि पत्ते उचलून छातीशी धरायचे नाहीत, टेबलावरच ठेवून हाताचा आडोसा करून कोपरा वर करून बघायचे. बघून झालं की वर एक चिप ठेवायची, कारण मालक नसल्यासारखे पडलेले पत्ते डीलरने चुकून ओढले तर ते बहुतेक वेळा गेलेच, तिथे अनडू बटण नाही.

हेडफोनबद्दल एक. हुडी, गॉगल, मोठे हेडफोन असा सगळा टीव्हीवर बघितलेला सरंजाम घालून येतात आणि मग समोरच्याने "रेझ" म्हटलेलं ऐकूच येत नाही. निदान पहिल्या दिवशी कान मोकळे ठेवा.

बेट कशी करायची यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पैसे इथेच जातात. ॲपवर स्लायडर होता, चुकीचा आकडा टाकताच येत नव्हता. इथे तुमचं तोंड आणि तुमचा हात हाच स्लायडर, आणि तुमची पाळी असताना तोंडातून निघालेला शब्द बांधील असतो, "कॉल" म्हटलं की कॉल, मग "नाही नाही, मला रेझ म्हणायचं होतं" चालत नाही. म्हणून आधी बोला, मग चिप्स ठेवा. "रेझ, बाराशे." संपलं. न बोलता चिप्स टाकणारे लोक एका चिपच्या नियमात हमखास सापडतात: ब्लाइंड १००-२०० आहेत, कुणीतरी ६०० केलेत, तुम्ही काही न बोलता ५,००० ची एकच चिप पुढे ठेवली, तर तो रेझ नाही, ६०० चा कॉल आहे आणि बाकीचे ४,४०० सुट्टे करून परत मिळतील. तुमच्याकडे एक्क्यांची जोडी होती का नाही याच्याशी डीलरला देणंघेणं नाही.

दुसरं स्ट्रिंग बेट. सिनेमात हिरो म्हणतो ना, "तुझे हजार... आणि वर अजून पाच हजार", ते टेबलावर बेकायदेशीर आहे. एकदा काही चिप्स पुढे ठेवल्या, परत स्टॅककडे (आपल्या चिप्सच्या ढिगाकडे) हात नेला आणि अजून ठेवल्या, तर पहिल्या हातात जेवढ्या गेल्या तेवढ्याच धरतात. कारण सरळ आहे, पहिला गठ्ठा ठेवल्यावर समोरच्याचा चेहरा बघून दुसरा ठेवायचा का नाही हे ठरवता येतं. आणि कमीत कमी रेझचं गणित आता तुम्हालाच करायचंय. ब्लाइंड २०० चा, कुणी ६०० केले म्हणजे वाढ ४०० ची, म्हणजे पुढचा रेझ निदान १,००० चा. मधेच अडकलात तर बऱ्याच ठिकाणी अर्ध्याचा नियम लावतात, म्हणजे १,००० ची ओपनिंग बेट असेल आणि तुम्ही दोन-तीन चिप्स मिळून १,४०० पुढे टाकले तर कॉल, आणि १,५०० किंवा जास्त टाकले तर २,००० पूर्ण करायला लावतील. हे टीडीएचे नियम, टूर्नामेंट डायरेक्टर्सची २००१ साली सुरू झालेली संघटना आहे ती, जगभरातल्या टूर्नामेंट साधारण त्याच धरतात, पण कॅश गेमला (टूर्नामेंट नाही, थेट पैशाच्या चिप्सवर खेळतात तो) प्रत्येक रूमचे स्वतःचे नियम असतात, त्यामुळे शंका आली की डीलरला किंवा फ्लोअर मॅनेजरला विचारा. नवीन आहे म्हणून सांगायला लाजू नका, लपत तर नाहीच.

चिप्स पॉटमधे फेकायच्या नाहीत, तुमच्या समोर नीट रचून पुढे सरकवायच्या, डीलर मोजून आत घेतो. फेकल्या की किती होत्या यावर वाद आणि सगळा पॉट मोजत बसायचं. स्टॅकमधे मोठ्या चिप्स पुढे किंवा वर ठेवायच्या, मागे लपवायच्या नाहीत, कारण समोरच्याला तुमच्याकडे किती आहे ते दिसायचा हक्क आहे, ॲपवर तो आकडा तुमच्या नावाखाली लिहिलेलाच असायचा. आणि जिंकलेल्या चिप्स मधेच खिशात घालून "एवढे सेफ ठेवतो" असं करायचं नाही. टेबलावरचं टेबलावरच. उठायचं असेल तर सगळं घेऊन उठा, त्याला कुणी अडवत नाही, फक्त मोठा पॉट ओढल्या ओढल्या लगेच पळालात तर लोक लक्षात ठेवतात.

आपल्या मराठी लोकांची एक वेगळीच अडचण आहे, ती ॲपवरून येत नाही, गणपतीच्या जागरणातून येते. आपण पत्ते शिकलो ते घरात, तीन पत्ती आणि मेंढीकोट, तिथे पॅक केलेला माणूस शेजाऱ्याच्या पत्त्यात डोकावतो, "अरे टाक टाक, त्याच्याकडे काही नाहीये" असं सांगतो, मामा आपले टाकलेले पत्ते सगळ्यांना दाखवत फिरतो, आणि तीच अर्धी मजा असते. पोकर रूममधे नियम आहे, एक हात एकच खेळाडू. हॅंड चालू असताना सल्ला नाही, फोल्ड केलेले पत्ते शेजाऱ्याला दाखवणं नाही, फ्लॉपवर (टेबलावर एकदम उघडतात त्या पहिल्या तीन पत्त्यांत) तीन नव्वे आल्यावर "च्यायला!" म्हणून कपाळावर हात मारणंही नाही, कारण चौथा नव्वा तुम्ही फेकलात हे त्यातून सगळ्यांना कळतं. आणि दोघं मित्र एकाच टेबलावर बसलात तर हॅंड चालू असताना मराठीत बोलू नका. तुम्ही जेवायला कधी जायचं हेच विचारत असाल, पण टेबलावरच्या दिल्लीच्या आणि हैदराबादच्या माणसाला काय माहीत, त्याला एवढंच दिसतं की दोघं त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलले आणि मग एकाने फोल्ड केलं. हिंदी-इंग्रजी जे सगळ्यांना कळतं तेच बोला, हॅंड संपली की मग काय गप्पा मारायच्यात त्या मारा. मित्राशी सॉफ्ट खेळणं, म्हणजे चांगला हात असून "जाऊ दे, आपला आहे" म्हणून चेक करत (पैसे न लावता पाळी पुढे देत) राहणं, हेही कोल्यूजनच, म्हणजे संगनमत, धरतात, गंमत म्हणून केलं असलं तरी.

शोडाऊन, म्हणजे शेवटी पत्ते दाखवणं. ॲप पत्ते आपोआप उलटवायचं आणि जिंकणाऱ्याच्या नावावर पैसे पाठवायचं. इथे जिंकायचं असेल तर दोन्ही पत्ते उलटे करून टेबलावर ठेवायचे, दोन्ही, एक नाही. शेवटच्या राउंडला ज्याने बेट किंवा रेझ केला त्याने आधी दाखवायचे. तोंडाने "फ्लश" म्हणून काही होत नाही, डीलर पत्ते वाचतो आणि पत्ते जे सांगतील तेच खरं. सगळ्यात महत्त्वाचं, पॉट तुमच्याकडे सरकवला जाईपर्यंत पत्त्यांवरचा हात काढू नका. समोरचा "स्ट्रेट आहे" म्हणाला म्हणून नवखा माणूस हिरमुसून आपले पत्ते उपडे फेकून देतो, नंतर कळतं स्ट्रेट नव्हतीच, पण पत्ते मकमधे (टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात) मिसळले की तो हात मेला. समोरच्याचे पत्ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग फेका.

याच्याच उलट स्लो रोल. तुमच्याकडे नक्की जिंकणारा हात आहे हे तुम्हाला माहितीये आणि तरी तुम्ही दहा सेकंद उसासे टाकता, एक पत्ता दाखवता, मग दुसरा. नियमात बसतं हो, पण माझ्या मते टेबलावरची ही सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे. नव्यांकडून हे मुद्दाम होत नाही, हात वाचायला वेळ लागतो म्हणून होतं, तर दोन्ही पत्ते आधी उलटे करा आणि मग निवांत वाचत बसा.

वेगाचं मात्र मनाशी पक्कं करून जा. ॲपवर एका टेबलावर तासाला साठ-सत्तर हॅंड सहज व्हायच्या, चार टेबलं उघडली की विचारूच नका. लाइव्हमधे तासाला २५-३०. दोन तास बसून एकही धड हात येत नाही असं अगदी होतं, आणि मग कंटाळून लोक किलवरचा गुलाम आणि चौकटची तिरी घेऊन कॉल करायला लागतात. कंटाळा आला तर उठून पाय मोकळे करून या, तुमची जागा आणि चिप्स तिथेच राहतात, फक्त ब्लाइंड चुकला तर परत आल्यावर भरावा लागतो. फोन हॅंडमधे असताना बंद, त्यातून कुणाचा फोटो तर अजिबात नाही, घरी गोव्याला ऑफिसच्या कामाला जातोय असं सांगून आलेले बरेच जण शेजारी बसलेले असतात. विचार करायला वेळ घ्या, पण खरंच विचार असेल तेव्हाच, प्रत्येक प्रीफ्लॉप फोल्डला अर्धा मिनिट नको.

डीलरवर राग काढू नका. ॲपवर रिव्हरला (टेबलावर उघडणाऱ्या शेवटच्या पत्त्यावर) हरलं की "रिग्ड आहे" असं चॅटमधे टाइप करायची सवय असते, समोर जिवंत माणूस बसलाय त्याला तेच म्हटलं तर बाहेर काढतील. त्याने पत्ते पिसलेत, पाडलेत तुमच्या नशिबाने. दारू पॅकेजमधे असते म्हणून जेवढी मिळेल तेवढी ढोसायची नसते हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

इतकं वाचून घाबरायलाही नको. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकेतला अकाउंटंट ८६ डॉलरची ऑनलाइन सॅटेलाइट (मोठ्या टूर्नामेंटची जागा जिंकून देणारी छोटी स्पर्धा) जिंकून लास वेगासला वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटला पोचला, ती त्याची पहिलीच लाइव्ह टूर्नामेंट, आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. सुरुवातीला तुमचा हात चिप्स रचताना थरथरला तरी कुणी काही म्हणत नाही.

निघताना चिप्स खिशात कोंबून केजवर जाऊ नका, फ्लोअरवाल्याकडे रॅक मागा, वीस-वीसचे गठ्ठे लावा, पटकन मोजून होतं. टिप ऐच्छिक आहे, पण मोठा पॉट जिंकलात तर एखादी चिप डीलरकडे सरकवायची पद्धत आहे आणि मला ती आवडते, हरलेल्या दिवशी नाही दिली तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. टूर्नामेंटमधे बक्षीस लागलं आणि ते १०,००० च्या वर असेल तर ३० टक्के टीडीएस कापूनच पैसे हातात येतात, त्याची पावती तिथल्या तिथे मागून घ्या, नंतर सीएने विचारल्यावर पणजीला फोन लावत बसाल.